नाडीपासून प्रत्यारोपणापर्यंत

(हृदयरोग कसा ओळखावा, त्यावर लक्ष कसे ठेवावे आणि तो कसा बरा करावा, यासाठी जगभरच्या डॉक्टरांनी व शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयत्नांची माहिती या पाठात दिली आहे. त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. यांतले काही ज्ञान तुमच्या स्वतःच्या घरी, एखाद्या अवघड वेळी, कामाला येऊ शकते. म्हणून हा पाठ लक्षपूर्वक वाचा.)

विद्यार्थी मित्रांनो, उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी अलगद ठेवा. थोडे थांबा. बोटांखाली काहीतरी उडते आहे ना? उर्दूत आपण तिला नब्ज म्हणतो, मराठीत नाडी म्हणतात. हृदयाचा एक ठोका पडला की नाडी एकदा उडते.

मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ७२ वेळा ठोके देते. आता गणित करा. ७२ ला ६० ने गुणा, मग २४ ने गुणा. दिवसाचे एक लाखाहून अधिक ठोके होतात. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त हृदय पुढे ढकलते. म्हणजे दिवसाला सात हजार लिटरांहून जास्त. इमारतीच्या गच्चीवर हजार लिटरच्या काळ्या टाक्या तुम्ही पाहिल्या असतील. तशा सात टाक्या भरतील एवढे काम हा मुठीएवढा अवयव रोज करतो. त्याला रविवार नाही, सुट्टी नाही.

हृदयाचे चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. रक्त उलटे फिरू नये म्हणून मध्ये झडपा असतात. आतून सतत रक्त वाहत असले, तरी हृदयाच्या जाड स्नायूला आतल्या त्या रक्ताचा फारसा उपयोग होत नाही. धान्याच्या गोदामात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालालाही आपली भाकरी वेगळी खावी लागते. तसेच हृदयाचे आहे. त्याला रक्त पुरवण्यासाठी बाहेरच्या बाजूने वेगळ्या रक्तवाहिन्या असतात. त्यांना हृदरोहिणी म्हणतात.

या हृदरोहिण्यांच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचू लागला की वाट अरुंद होते. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बनते आणि वाट एकदम बंद होते. मग हृदयाच्या तेवढ्या भागाला प्राणवायू मिळत नाही. तो भाग हळूहळू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'दिल का दौरा' म्हणतो.

हृदयाचे दुखणे ओळखण्याची साधने

फार पूर्वी वैद्यांजवळ आणि हकिमांजवळ हृदयाचे हाल जाणण्याचे एकच साधन होते. ते म्हणजे बोटे. बुखाऱ्याजवळ जन्मलेले इब्न सीना यांनी आपल्या 'अल-कानून फित-तिब' या ग्रंथात नाडीच्या परीक्षेवर सविस्तर लिहिले आहे. पुढे १२४२ साली इब्न अल-नफीस या हकिमांनी त्याच ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर टीका लिहिली. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे तोवर सगळे मानत होते. इब्न अल-नफीस यांनी ते नाकारले. रक्त उजव्या बाजूकडून फुप्फुसांत जाते आणि तिथून डाव्या बाजूला परत येते, असे त्यांनी लिहिले. त्यांचे हे लिखाण पुढे विस्मरणात गेले. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरांना त्याचे हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात सापडले, तेव्हा जगाला त्यांची थोरवी कळली. संपूर्ण शरीरात रक्त कसे फिरते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ साली दाखवून दिले.

बोटांच्या मदतीला मग कान आला. १८१६ साली पॅरिसचे डॉक्टर लेनेक एका तरुण स्त्रीला तपासत होते. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, तिचे एक टोक रुग्णाच्या छातीवर ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले! स्टेथोस्कोपचा जन्म असा झाला.

प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह वाहतो. हॉलंडमधील लायडन शहरातील डॉ. आइन्थोवेन यांनी १९०३ च्या सुमारास ही वीज कागदावर उतरवण्याचे यंत्र तयार केले. ते सुमारे २७० किलो वजनाचे होते. ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने रुग्णाचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत आणले. आज ज्याला आपण ईसीजी म्हणतो, त्याची ही सुरुवात होय. या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ईसीजीमुळे हृदयाची वीज कळली, पण हृदय प्रत्यक्ष दिसत नव्हते. ते दाखवण्याचे काम ध्वनिलहरींनी केले. स्वीडनमधील एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली जहाजबांधणीच्या कारखान्यातून एक यंत्र उसने आणले. पोलादात कुठे तडा आहे, हे ते यंत्र ध्वनिलहरींनी शोधत असे. त्यांनी ते माणसाच्या छातीवर धरले आणि हृदयाच्या हालचाली टिपल्या. आजची इको तपासणी याच यंत्राची नात आहे. तिच्यात झडपा उघडताना, मिटताना दिसतात. हृदयाला छिद्र असेल तर तेही दिसते. तपासणी करताना सुई लागत नाही, दुखतही नाही.

हृदरोहिणीतला अडथळा पाहायचा, तर आत शिरावेच लागते. हे धाडस पहिल्यांदा कोणी केले माहीत आहे? जर्मनीतील वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. तरीही १९२९ साली त्यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक लांब, बारीक नळी आत सरकवली. तशाच अवस्थेत ते चालत क्ष-किरण विभागात गेले आणि नळी हृदयापर्यंत पोहोचल्याचे चित्र काढून घेतले. पुढे १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ साली अमेरिकेत डॉ. सोन्स यांनी अशाच नळीतून औषध सोडून हृदरोहिणीचे क्ष-किरण चित्र मिळवले. या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. आता ती बहुधा मनगटाच्या रोहिणीतून करतात. जिथे तुम्ही मघाशी बोटे ठेवली होती, तिथूनच!

हृदयावर पहारा

एकदा तपासून रोग नेहमीच सापडतो असे नाही. काही माणसांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात. डॉक्टरांपुढे गेले की सगळे ठीक असते. चोर पकडायचा तर रात्रभर पहारा द्यावा लागतो. अमेरिकेच्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकात पाठीवर बांधून फिरता येईल असा ईसीजी तयार केला. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आजचे होल्टर यंत्र काडेपेटीपेक्षा फार मोठे नसते. रुग्ण ते छातीला लावून घरी जातो, झोपतो, कामाला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतो.

वाशीच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुऊर्जेचे काम करणाऱ्या या केंद्रातील शास्त्रज्ञांनी हातात मावेल असे 'टेली-ईसीजी' यंत्रही तयार केले आहे. ते रुग्णाच्या ठोक्यांची नोंद करून मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरांकडे पाठवते. आइन्थोवेन यांना जे काम टेलिफोनच्या तारेने करावे लागले, ते आता खेड्यातल्या आरोग्य केंद्रातूनही होऊ शकते.

मनगटावरची काही स्मार्ट घड्याळेही आता साधा ईसीजी काढतात. ठोके अनियमित पडत असतील, तर ती सूचना देतात. पण एक गोष्ट विसरू नका. असे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. छातीत दुखत असेल आणि घड्याळ 'सर्व ठीक' म्हणत असेल, तर घड्याळावर विसंबू नये, रुग्णालयात जावे.

घरातल्या मोठ्यांसाठी सर्वांत साधा पहारा म्हणजे रक्तदाब मोजणे. निरोगी माणसाचा रक्तदाब साधारण १२०/८० असतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच तो धोक्याचा असतो. 'काही त्रास नाही, मग गोळी कशाला?' असे म्हणून पुष्कळ लोक औषध मध्येच सोडतात. असे करू नये. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्या हृदयरुग्णांनीही औषधांच्या वेळा स्वतःच्या मनाने न बदलता आधी डॉक्टरांना विचारावे.

इलाज: घड्याळाशी शर्यत

समजा, तुर्भ्याला राहणारे एक चाचा वाशीच्या घाऊक बाजारात कामाला जातात. पहाटे उठल्यावर त्यांच्या छातीवर मोठे ओझे ठेवल्यासारखे वाटू लागते. कळ डाव्या हातात आणि जबड्यात जाते. अंगाला दरदरून घाम सुटतो. घरचे म्हणतात, "गॅस झाला असेल. थोडा सोडा घ्या आणि पडून राहा."

मित्रांनो, इथेच घात होतो. गॅस समजून काढलेला एक तास म्हणजे हृदयाच्या स्नायूचा गमावलेला एक तास. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये तर कधी कधी छातीत फारसे दुखतही नाही. नुसती धाप लागते, मळमळते, पाठ दुखते, फार थकवा येतो. 'अम्मी दमली आहे,' असे म्हणून आपण दुर्लक्ष करतो.

अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ सालापासून ही रुग्णवाहिका सेवा सुरू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. रुग्णाला चालू देऊ नये, जिने चढू-उतरू देऊ नये. अर्धवट बसवून धीर द्यावा. आपल्या मनाने कोणतीही गोळी देऊ नये, फोनवर विचारावे.

रुग्णालयात पोहोचताच चाचांचा ईसीजी काढतात. तो दहा मिनिटांच्या आत निघावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. रक्तही तपासायला घेतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. ते वाढलेले असले की हृदयाला इजा झाल्याचे कळते.

आता बंद पडलेली वाट उघडायची. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग औषधाचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन शिरेतून देतात. दुखणे सुरू झाल्यापासून बारा तासांच्या आत ते द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके उत्तम. मोठे रुग्णालय दूर असेल, तिथे हे इंजेक्शन फार मोलाचे ठरते.

दुसरा मार्ग अँजिओप्लास्टीचा. डॉ. ग्रुन्झिग यांनी झुरिक शहरात आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर बारीक नळ्यांना छोटे फुगे जोडण्याचे प्रयोग केले. १९७७ साली त्यांनी तसा फुगा एका जाग्या रुग्णाच्या हृदरोहिणीत नेला, फुगवला आणि अरुंद झालेली वाट रुंद केली. छाती उघडावी लागली नाही. पण काही रुग्णांत ती वाट पुन्हा आवळली जाई. म्हणून १९८६ सालापासून तिथे तारेच्या जाळीची छोटी नळी बसवू लागले. तिला स्टेंट म्हणतात. पावसाळ्यात बोगद्याची माती ढासळू नये म्हणून आत आधार देतात ना, तसाच हा आधार.

परदेशी स्टेंट फार महाग पडत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी १९९० च्या दशकात स्वस्त भारतीय स्टेंट तयार केला. तो 'कलाम-राजू स्टेंट' म्हणून ओळखला जातो. अग्निबाण बनवणारा शास्त्रज्ञ गरिबांच्या हृदयासाठीही झटला, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली गेली.

अडथळे पुष्कळ असतील, तर बायपास शस्त्रक्रिया करतात. पायातली नीला किंवा छातीतली रोहिणी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे रक्ताला नवी वाट करून देतात. रस्ता खोदून ठेवला असेल तर वाहतूक बाजूने वळवतात, तसेच हे. अर्जेंटिनाचे डॉ. फावालोरो यांनी १९६७ साली अमेरिकेत या शस्त्रक्रियेला नीट रूप दिले.

ज्यांच्या हृदयाची वीजच मंदावते, त्यांच्या छातीत त्वचेखाली पेसमेकर बसवतात. शरीरात बसवण्याचा पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. दुसरा बसवला. असे करता करता त्यांनी आयुष्यात वीसहून अधिक पेसमेकर वापरले आणि ८६ वर्षांचे होऊन २००१ साली ते वारले. ज्यांनी त्यांना वाचवले, त्या डॉक्टर आणि इंजिनिअर या दोघांहूनही ते जास्त जगले!

परळची शस्त्रक्रिया

आता आपल्या मुंबईची गोष्ट. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे शल्यविशारद होते. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच रक्त मिळते, हे त्यांनी वाचले होते. माणसाच्या हृदयालाही सुईने बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त देता येईल का, यावर त्यांनी १९६० च्या दशकात प्रयोग केले. पुढे परदेशातील डॉक्टरांनी हीच कल्पना लेसरने करून पाहिली.

डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी हृदय बदलण्याचे प्रयोगही काही वर्षे कुत्र्यांवर करत होते. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. सेन यांनी के. ई. एम. मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. नवे हृदय छातीत धडधडू लागले. पण रुग्ण काही तासच जगला.

मग हा प्रयत्न फुकट गेला का? नाही. महापालिकेच्या रुग्णालयात, कर भरणाऱ्या साध्या लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या ठिकाणी हे काम होऊ शकते, एवढे तरी सिद्ध झाले. पण दोन अडचणी होत्या. एक, शरीर परक्याचे हृदय स्वीकारत नाही, ते त्याच्यावर हल्ला करते. तो थोपवणारे सायक्लोस्पोरिन हे चांगले औषध १९८० च्या दशकात वापरात आले. दोन, मेंदू मृत झालेल्या माणसाचे हृदय काढून घेण्यास आपल्याकडे कायद्याची मान्यता नव्हती. तो कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले.

मुंबईला मात्र आणखी वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका मेंदूमृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी अवयवदानाला संमती दिली. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत बसवावे लागते. ते विमानाने मुंबईला आणले. पोलिसांनी दोन्ही शहरांतले रस्ते मोकळे ठेवले. मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बदलापूरच्या एका तरुणाला बसवले. परळच्या त्या शस्त्रक्रियेनंतर ४७ वर्षांनी मुंबईत दुसऱ्याचे हृदय पुन्हा यशस्वीपणे धडधडले. दुःखाच्या घडीला 'हो' म्हणणाऱ्या त्या अनोळखी कुटुंबाचे हात या यशात सर्वांत आधी आहेत.

तुमच्या वयाची हृदये

हृदयरोग म्हणजे म्हाताऱ्यांचा रोग, असे समजू नका. एका विशिष्ट जंतूमुळे मुलांचा घसा दुखतो. काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, तर उद्या घोटा. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. याला संधिवाताचा ताप म्हणतात. घसा दुखणे आणि ताप अंगावर काढू नये. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शने ठरावीक आठवड्यांनी घ्यायला सांगितली असतील, तर एकही चुकवू नये. बिघडलेली झडप बदलण्यासाठी त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने भारतीय झडप तयार केली. ती १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली.

काही मुलांच्या हृदयाला जन्मापासूनच छिद्र असते. काही छिद्रे आपोआप बुजतात. काही छिद्रे मांडीच्या शिरेतून छत्रीसारखे छोटे बटण नेऊन बंद करतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. शाळेत जेव्हा आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा स्टेथोस्कोप लावून ते याचाच शोध घेते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारही मोफत मिळतात. आपल्या नवी मुंबईत खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया एकही पैसा न घेता होतात.

तरीही काही मुले उपचारांपासून दूर राहतात. याचे कारण नेहमी पैसा नसतो. मुलीच्या हृदयात दोष आहे असे कळले, तर काही घरांत ती चिठ्ठी कपाटात ठेवून देतात. 'उद्या लग्नात अडचण येईल,' असे म्हणतात. वेळेवर इलाज झाला, तर अशा पुष्कळ मुली इतरांसारखे आयुष्य जगतात. इलाज लांबला, तर फुप्फुसांवर दाब वाढतो आणि मग शस्त्रक्रियाही करता येत नाही. लपवल्याने दोष जात नाही, फक्त वेळ जातो. शाळेतून मिळालेली अशी चिठ्ठी तुमच्या हाती आली, तर ती घरी नक्की द्या. ती वाचून दाखवा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरा.

मराठी कामी येते ती अशी

सरकारी रुग्णालयात पाऊल टाकले की मराठी पाट्या दिसतात. बाह्यरुग्ण विभाग, अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, हृदयरोग विभाग. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीपत्रावर सही मागतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या पुष्कळ शस्त्रक्रियांचा खर्च शासन करते. योजनेतील रुग्णालयांत मदतीला 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. त्याला काय विचारायचे, कोणती कागदपत्रे दाखवायची, हे कोणी तरी वाचून समजून घ्यावे लागते. पुष्कळ घरांत अब्बा-अम्मींना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. अशा घरात तुम्हीच वाचणारे आहात. परीक्षेत या शब्दांना गुण मिळतील, न मिळतील. रुग्णालयाच्या दारात मात्र या शब्दांमुळे पंधरा मिनिटे वाचू शकतात. हृदयाच्या आजारात पंधरा मिनिटे थोडी नसतात.

शब्दार्थ

नाडी – नब्ज
रोहिणी – हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी
नीला – शरीराकडून हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी
गुठळी – घट्ट झालेला रक्ताचा गोळा
प्रत्यारोपण – एकाचा अवयव दुसऱ्याच्या शरीरात बसवणे
टीका (ग्रंथावरील) – शरह
शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ, जर्राह
संमतीपत्र – रजामंदीचा कागद
दंडक – ठरलेला नियम
अंगावर काढणे – इलाज न करता दुखणे सोसणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हृदयाच्या स्नायूला रक्त कोणत्या वाहिन्या पुरवतात?
(आ) लेनेक यांनी कागदाची सुरळी का केली?
(इ) इको तपासणीत काय दिसते?
(ई) भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण कोठे झाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) इब्न अल-नफीस यांनी कोणती जुनी समजूत नाकारली?
(आ) छातीत दुखू लागल्यावर 'गॅस झाला असेल' म्हणून थांबणे धोक्याचे का आहे?
(इ) डॉ. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. तरी लेखक त्या प्रयत्नाला फुकट गेलेला का मानत नाही? तुम्हांला काय वाटते?

३. कारणे द्या.
(अ) वाढलेला रक्तदाब धोक्याचा असतो.
(आ) मुंबईत हृदयप्रत्यारोपण यशस्वी व्हायला ४७ वर्षे लागली.

४. वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
छातीत धस्स होणे, जिवात जीव येणे, धीर देणे, अंगावर काढणे.

५. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. पुढील शब्दांची मराठीतील लिंगे ओळखा आणि प्रत्येकाच्या आधी 'माझा', 'माझी' किंवा 'माझे' लावा.
हृदय, नाडी, ठोका, रक्त, झडप, मनगट, श्वास.

६. उपक्रम
(अ) घरातील पाच जणांची नाडी बसल्यावर आणि जिना चढल्यावर मोजा. तक्ता तयार करा. (ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांची नाडी फक्त बसलेली असतानाच मोजा.)
(आ) जवळच्या रुग्णालयात दिसणाऱ्या दहा मराठी पाट्या उतरवून घ्या आणि त्यांचे अर्थ उर्दूत लिहून घरच्यांना समजावून सांगा.